चरकाला भूक नसते

वाचकहो, तुमच्या गावात हाताची बोटे कमी असलेला माणूस कोण, असे कोणी विचारले तर तुम्हाला आठवावे लागेल का? की तोंडातून आपोआप दोन-चार नावे बाहेर पडतील? माझ्या तोंडून तरी पडतात. नुसती नावेच नव्हे, टोपणनावेसुद्धा. थोटा, तीनबोट्या, मुठीचा तात्या. पंचगंगेच्या काठाने हिंडा, गुऱ्हाळ असलेल्या प्रत्येक गावात असा एक तात्या भेटेल. लहान पोरे त्याला त्या नावाने हाक मारतात, तोही ओ देतो, आणि हे असेच असते असे धरून आपण सगळे गूळ खातो.

परवा सकाळी पाण्याला निघाले आणि मळ्याकडून तो वास आला. पहिल्या दिवशी उकळत्या रसाचा वास कच्चा असतो, नुकत्या कापलेल्या गवतासारखा. चुलाण तापत गेले की त्यात गोडी उतरते. आठवड्याभरात तो केसांत, अंथरुणात, पोरांच्या मानेच्या घामात जाऊन बसतो आणि मग येतो आहे हे कळेनासे होते. चिपाडांचा धूर नदीवरच्या धुक्यात मिसळतो. समोरून येणारी उसाची गाडी दिसत नाही, बैलांच्या घुंगरांवरून ती कोणाची हे ओळखायचे. पोरे तांब्या घेऊन काकवीसाठी रांगेत उभी राहतात. गुळव्या त्यांच्यावर खेकसतो आणि झाऱ्याने मळी काढता काढता प्रत्येकाचा तांब्या भरतो.

आणि या सगळ्यावर दिवसभर ती आरोळी असते, बैल हाकणाऱ्याची. ‘हाऽऽ चल हाऽऽ!’ ऊस पिळणाऱ्या चरकाभोवती गोल फिरणाऱ्या बैलाला समोर वाट दिसत नाही. कुठे पोहोचायचे आहे असेही त्याला वाटत नसावे. त्याला चालते ठेवतो तो आवाज. आवाज मंदावला की बैल मंदावतो, आवाज चढला की त्याचा पाय उचलतो. आमच्याकडचे बैल वासरू असल्यापासून हेच शिकतात की माणूस ओरडला म्हणजे जोर लावायचा. ही गोष्ट गुऱ्हाळावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र मला त्या हिवाळ्यात कळला.

तो हिवाळा या वासाबरोबर दर वर्षी परत येतो.

आमचे आबा, माझे वडील, गुळाच्या गाड्या घेऊन कोल्हापूरच्या पेठेत जात आणि येताना धोतराच्या सोग्यात पत्रके बांधून आणीत. त्यांना अक्षर येत नव्हते. उंबऱ्यावर बसून पागोटे उतरवायच्या आत म्हणत, “तारे, वाच.” मी वाची. भटाबामणांच्या दक्षिणेवर, दारूवर, मुलींच्या शाळेवर, पटकीच्या पाण्यावर, जे असेल त्यावर. लिहायला मी शाळेत शिकले, रागावायला त्या पत्रकांत शिकले. आबा डोळे मिटून ऐकत. पटले की मांडीवर थाप मारीत आणि दुसऱ्या दिवशी ते घरात अमलात आलेले असे.

आमच्या भागात गुऱ्हाळ सुरू करताना चरकाला नारळ वाढवतात, लिंबू कापतात आणि कोंबडे देतात. त्याच्या रक्ताचे बोट लोखंडाला लावायचे. का, तर चरक भुकेला असतो. त्याला आधीच दिले म्हणजे तो माणसाचे मागत नाही. त्या वर्षी आमच्या गुऱ्हाळावर आबांनी कोंबडे बंद केले. म्हणाले, “लोखंडाला कसली आलीय भूक? त्येला त्याल घाला.”

शेजारच्या मळ्याचे गणूआप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, “आबा, तुमची पोरगी वाचाय लागल्यापास्नं आमचा तांबडा रस्सा बुडाला बघा!”

सगळे हसले. चरकाला तेल घातले गेले. बैल जुंपले गेले.

माझा थोरला भाऊ दौलूदादा चरकाशी बसून ऊस लावीत असे. हे काम पाहायला सोपे वाटते. एका हाताने मोळीतून ऊस ओढायचा, दुसऱ्याने तो दोन लाटांच्या, म्हणजे लोखंडी रुळांच्या, मध्ये सरकवायचा. लोखंड त्याला आपण होऊन आत ओढते. शेवटी वीतभर तुकडा राहतो, आणि तो आत जाईपर्यंत तळव्याने ढकलायची सगळ्यांनाच खोड. पुढचा ऊस मागून लावला तरी तो जातो. पण तसे केले तर रस कमी पडेल असे वाटते. एवढे कष्ट करून पिकवलेल्या उसाचा वीतभर तुकडा तसाच सोडायला शेतकऱ्याचा जीव होत नाही.

त्या दुपारी पाळी गणूआप्पांची होती. आमच्याकडे गुऱ्हाळ सावडीने चालते. आज त्यांच्या उसाला आम्ही, उद्या आमच्या उसाला ते. चुलाणावरच्या काहिलीतले आदण उतरायला आले होते. म्हणजे रस आटून गुळाला आला होता, आणि अशा वेळी क्षणाचा उशीर झाला तर सगळा गूळ करपतो. गुळव्याने हाळी दिली, “चला रं, काहिलीला हात लावा!” दादाने त्या बाजूला मान वळवली. तळवा तुकड्यावरच होता.

दादा फार मोठ्याने ओरडला नाही. ओरडले बाकीचे. “थांबवा!” “अरं बैल धरा!” “हात गेला, हात!” चारी बाजूंनी माणसे ओरडत धावली, आणि बैलांनी काय केले? जन्मभर जे शिकले तेच केले. एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, एवढा जोर त्यांनी कधी लावला नव्हता. हाकणारा पोटतिडकीने “हो हो” असे ओरडत कासरा ओढत होता. बैल त्यालाही खेचत पुढे चालले होते.

वहिनी त्याच वेळी भाकरी घेऊन आली होती. तिने डोक्यावरची बुट्टी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि ती सरळ चालत पुढच्या बैलाच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. रोज संध्याकाळी वैरण घालताना तो धसमुसळेपणा करी, तेव्हा ती त्याच्या कपाळावर पंजा ठेवून जे पुटपुटत असे तेच तिने पुटपुटले. “थांब रं राजा. थांब.”

बैल थांबले.

मग गणूआप्पांचा आवाज आला, “आदण जळू द्या! समदी हिकडं या!” काहिलीला लागलेली माणसे ती तशीच सोडून आली. बैलांना सोडून सगळ्यांनी मिळून बैल जुंपायचे ते लांब लाकूड उलटे रेटले, चरक मागे फिरला आणि दादाचा हात बाहेर आला. त्या हाताचे वर्णन मी करणार नाही. करपलेल्या गुळाचा धूर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत गेला होता, त्यामुळे कोण रडते आहे ते कोणाला कळत नव्हते.

गावातली एक म्हातारी पळत आली. तिच्या ओंजळीत चुना, तंबाखू आणि चुलीतली राख होती. तिचा जीव खरोखर तुटत होता, तिला मी दोष देत नाही. पण साथीच्या दिवसांत वाटलेल्या एका पत्रकात मी आबांना वाचून दाखवले होते की उघड्या जखमेला राख, शेण, चुना लावू नये, धुतलेले फडके बांधावे आणि दवाखाना गाठावा. मी तोंड उघडायच्या आत आबा आडवे आले. “काय बी लावायचं न्हाय. आमच्या पोरीनं वाचलंय.”

वहिनीने कुंपणावर वाळत घातलेले स्वच्छ लुगडे ओढून टराटरा फाडले. तेच बैल गाडीला जुंपले. कोल्हापूरपर्यंत दादाचे डोके माझ्या मांडीवर आणि त्याचा गुंडाळलेला हात वहिनीच्या खांद्यावर होता. वाटेत ओळखीची माणसे गाडी थांबवून विचारीत. ऐकून घेत आणि आबांकडे बघत म्हणत, “औंदा कोंबडं चुकलं म्हनं तुमचं?” पुलावर गाडी चढली तेव्हा आबांनी एकदाच बैलांना हाक दिली, तीही अगदी हळू.

दरबारच्या दवाखान्यात आम्ही कोणीच कधी गेलो नव्हतो. गावात त्याची एकच ख्याती होती, तिथे नेले की हात-पाय कापतात. डॉक्टरांनी फडके सोडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “यावर काय फासलं आहे?”

“काय न्हाय जी,” वहिनी म्हणाली. “धुतलेलं लुगडं हाय.”

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग आबांना म्हणाले, “दोन बोटं गेलीच आहेत, ती काढावी लागतील. बाकीचा हात आज ठेवतो. पण विष वर चढू लागलं, तर मनगटापासून हात काढावा लागेल. ते काही दिवसांनी समजेल. तोवर वाट पाहायची.”

ती वाट पाहणे म्हणजेच माझ्या आठवणीतला तो हिवाळा. गुळाच्या वासाऐवजी जखमा धुण्याच्या कारबॉलिकचा वास. बैलांच्या घुंगरांऐवजी फरशीवर सरकवलेल्या तसराळ्यांचा आवाज. खिडकीतून येणारे ऊन दादाच्या पायांपासून छातीपर्यंत चढे आणि उतरे. औषधाच्या गुंगीतून तो पहिल्यांदा जागा झाला तेव्हा त्याने विचारले, “गूळ झाला का?”

“झाला की,” वहिनी म्हणाली. “जळून झाला.”

तो हसला. हसताना त्याला हात दुखला असावा. तो दुखऱ्या हाताकडे बघायला तयार नव्हता. वहिनीला मात्र जखम कशी आहे ते कळायला हवे होते. रोज सकाळी कोमट पाण्याने भिजवून पट्टी सुटे तेव्हा ती जखमेकडे न बघता डॉक्टरांच्या भुवयांकडे बघे. भुवया जवळ आल्या की तिचे ओठ घट्ट मिटत. पट्ट्या उकळायला ती नर्सबाईंच्या हाताखाली उभी राहू लागली. तीन दिवसांत तिने तिथल्या मोठ्या पातेल्याला आपल्या घरच्या भांड्यासारखे घासून लख्ख केले.

पलीकडच्या खाटेवर मलकापूरकडचा ज्ञानू होता. त्याचाही हात चरकातच सापडला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून काढला होता. खाटेवर मांडी घालून तो साऱ्या वॉर्डाशी बोलत असे. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला की म्हणे, “पावणं, हिकडं बघा की. आपल्या दोघात मिळून तीन हात हाईत. येक कुस्ती हुईल.”

एका संध्याकाळी आबा दवाखान्याच्या अंगणातल्या चिंचेखाली बसले होते. त्या सकाळी डॉक्टरांच्या भुवया नेहमीपेक्षा जास्त जवळ आल्या होत्या. नीट उजेडात पाहायला त्यांनी दादाची खाट अगदी खिडकीशी ओढून घेतली होती आणि उद्या काय ते ठरवू म्हणाले होते. मी भाकरी घेऊन गेले. आबांनी ती हातात धरली आणि तशीच परत माझ्या पदरात ठेवली.

“तारे,” ते म्हणाले, “येक कोंबडंच तर हुतं.”

माझ्याकडे राग भरपूर होता. लोखंडी चरक विकणाऱ्याने लाकडी घाण्यापेक्षा रस किती जास्त निघतो ते गावोगाव सांगितले, हात आत जाऊ नये म्हणून काय करायचे ते सांगितले नाही. कोंबडे मागणाऱ्यांनी चरकापुढे एक फळी ठोका असे पिढ्यान्‌पिढ्यांत कधी म्हटले नाही. हे सगळे मला त्या झाडाखाली भडाभडा बोलता आले असते. पण समोर माझा बाप बसला होता, आणि आपल्या विचाराची किंमत पोरगा भरतो आहे असे त्याला वाटत होते. अशा वेळी पत्रकातले एकही वाक्य ओठावर येत नाही.

तेवढ्यात ज्ञानू आला. डाव्या हातात त्याचा सुटलेला पटका होता. “आबा, येवढा पटका बांधा की. येका हातानं गुंडाळतोय आन् तोंडावरच येतोय.”

आबा उठले. त्याच्या मागे उभे राहून पेच घालू लागले. ज्ञानूने आमचे बोलणे ऐकले असावे, कारण मान न हलवता तो म्हणाला, “आमच्यात बोकड दिलता.”

आबांचे हात थांबले.

“चांगला मोठा हुता. रगात चरकाला लावलं, मटान समद्यांनी खाल्लं. म्या सोत्ता नळी फोडली. आन् आठवड्याभरात ह्यो हात.” तो हसला. “चरकानं बोकड बी खाल्ला, हात बी खाल्ला. कुटली भूक आन् कुटलं काय, आबा. समदी बोंबलली, आन् बैलं पळाली. तुमची थांबली. त्यात आजून आदणं उतरायची ऱ्हायलीत म्हनून मला राख लावून गोठ्यात निजवला. गूळ समदा उतारल्यावर गाडी जुंपली. ह्येवढाच फरक हाय.”

आबांनी उरलेले पेच एकेक करून घातले, शेवटचे टोक नीट खोचले आणि त्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली.

“कसा दिसतोय?” ज्ञानूने मला विचारले.

“पाटलासारखा.”

“मग चावडीवर बसाया मोकळा!”

त्या रात्री आबांनी भाकरी खाल्ली.

सकाळी पट्टी सुटली. डॉक्टर वाकले. वहिनी भुवयांकडे बघत होती, मी वहिनीकडे. डॉक्टरांनी दादाचा अंगठा दाबून पाहिला, मग तळहाताची कड. दादा कळवळला. “दुखतंय? उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “काळं पुढं सरकलेलं नाही. कातडी लाल आहे, जिवंत आहे. हात राहिला.” आणि वहिनीला म्हणाले, “राख-चुना फासून आणला असता, किंवा दोन दिवसांनी आणला असता, तर मी हे बोलू शकलो नसतो.”

वहिनीने मान हलवली आणि पट्ट्यांचे पातेले उचलून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती पातेल्यावर ओणवी होऊन रडत होती आणि रडता रडता पाणी तापले का ते बोटाने बघत होती. पुढे दुपारी दादाने पहिल्यांदा आपल्या हाताकडे पाहिले. पट्टीबाहेर आलेला अंगठा आणि दोन बोटे त्याने हळूहळू एकमेकांजवळ आणली. वहिनीने त्यांच्यामध्ये आपली करंगळी दिली. त्याने ती धरली. मला तिथून उठता येईना आणि बसताही येईना, म्हणून मी खिडकीबाहेर चिंचेत काय आहे ते बघत राहिले.

आम्ही घरी आलो तेव्हा गणूआप्पा वेशीपाशी उभे होते. आबांनी जळलेल्या आदणाचा विषय काढला. आप्पा म्हणाले, “काळा गूळ तंबाकूवाला हसत न्हेतोय. तुमी दौल्याला घरात न्या, वारं लागंल.” आणि पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा तेच गणूआप्पा सुताराला घेऊन आले. चरकाच्या तोंडाशी हातभर लांब लाकडी पन्हळ बसवली. ऊस त्यातून सरकतो, हात लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. शेवटचा तुकडा पुढच्या उसाने ढकलायचा. रस काही कमी पडला नाही. कोंबड्याबद्दल कोणी बोलले नाही. आप्पांनी मात्र रस्सा सोडला नाही. गुऱ्हाळ संपल्यावर ते आता सगळ्यांना जेवायला घालतात. चरकाला रक्त लावत नाहीत, एवढेच.

दादा आजही ऊस लावतो, डाव्या हाताने. उजव्याने विडीची काडी ओढतो, पोरीची वेणी धरतो, आणि मी काही लिहीत बसले की माझ्या पाठीत त्या दोन बोटांचा चिमटा काढतो. परवा गुऱ्हाळाचा धूर दिसला तसा तो उपरणे खांद्यावर टाकून निघाला. वहिनीने अडवले नाही. ती दाराशी उभी राहिली, तो वळणाआड जाईपर्यंत.

इतकी वर्षे मला वाटे की त्या दुपारी सगळे ओरडत असताना एकटी वहिनी शहाणपणाने शांत राहिली. परवा मी तिला तसे म्हणून दाखवले. ती शेणी थापीत होती. हात न थांबवता म्हणाली, “शानपन कसलं, वन्सं? म्या बी बोंबलायला तोंड उगडलंतं. आवाजच फुटला न्हाय. रोज बोलती तेवढंच निघालं.”

म्हणून, वाचकहो, हे लिहायला बसले. पन्हळ तर बसवाच, आणि स्वच्छ फडके गुऱ्हाळावर ठेवा. पण सुतार येईल तेव्हा येईल. माझे मागणे आजच्या संध्याकाळपुरते आहे. घरातल्या ज्या बाईला वाचता येत नाही तिला हे वाचून दाखवा, कारण बैलाला वैरण तीच घालते. आणि आज गव्हाणीपाशी गेल्यावर बैलाच्या कपाळावर हात ठेवून त्याला थांबायचा एक शब्द शिकवायला लागा. घरातल्या सगळ्यांनी, रोज, तोच शब्द. कोणताही घ्या. फक्त तो हळू आवाजात शिकवा.